गोळा, वांब आणि धावा

"सोळाशेच्या शेवटच्या राउंडला गोळा आला मॅडम, आणि मग गोळा राहिलाच."

खटाव तालुक्यातला पोरगा. वय बावीस. पोलीस भरतीच्या ग्राउंडवरून परत येताना थेट माझ्या क्लिनिकमध्ये आलेला, डाव्या पायावर भार न देता. त्याच्या एका वाक्यात गोळा दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा अर्थ निराळा होता. पहिला गोळा पोटरीतला. दुसरा लोखंडाचा, ७.२६० किलोचा, जो फेकून त्याला १५ गुण मिळवायचे होते. भरतीतली सोळाशे मीटरची धाव २० गुणांची, शंभर मीटर १५ गुणांची आणि गोळाफेक १५ गुणांची, असं ५० गुणांचं ते ग्राउंड असतं. पहिल्या गोळ्यानं त्याचा दुसरा गोळा खाल्ला. हे सांगताना त्याला त्यात काही गंमत वाटत नव्हती आणि मलाही वाटली नाही. दीड वर्ष पहाटे साडेचारला उठलेला पोरगा होता तो.

साताऱ्यात गेली अठरा वर्षं मी फिजिओथेरपी करते. सकाळी स्वतः पळते, यवतेश्वरच्या घाटात. दिवसभर पळणाऱ्यांचे पाय माझ्या हातात असतात. त्यामुळे पळण्याबद्दलचे शब्द माझ्याकडे दोन वाटांनी येतात. घड्याळं घातलेल्या मंडळींकडून पेस, टेम्पो, टेपर, फार्टलेक येतात. भरतीच्या पोरांकडून, शेतकऱ्यांकडून आणि वारीतल्या माणसांकडून गोळा, वांब, चमक, उसण येतात. कॉलेजात मला यातला एकही मराठी शब्द कुणी शिकवला नाही. सगळं शरीर इंग्रजीत आणि लॅटिनमध्ये शिकले, आणि पहिल्याच आठवड्यात एक आजोबा समोर बसून म्हणाले, "पायाला वांब येतोय रातच्याला." मला वांब म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्या दिवशी एक वही केली. ती अजून चालू आहे.

वहीचं पहिलं पान गोळ्याचं आहे. पोटरीचा स्नायू अचानक आवळतो, कातडीखाली लिंबाएवढी गाठ दिसते, हाताला लागते. मराठी माणसानं जे दिसलं त्यालाच नाव दिलं. वांब हा त्याचाच जुना शब्द, आमच्याकडे साठीच्या पुढची माणसं तो वापरतात आणि तो बहुतेक वेळा रात्रीचा असतो, झोपेत येणारा. पेटका म्हटलं की मात्र एकापाठोपाठ एक येणारे गोळे समजायचे. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेल्या माणसाला पेटके येतात. एखादा पेशंट "पेटके येतायत" म्हणाला की मी आधी पाण्याची, मिठाची, औषधांची चौकशी करते. "पळताना गोळा आला" म्हणाला की सरावाची. पळताना येणारा गोळा बहुधा दमलेल्या स्नायूचा असतो. स्नायूला आवळ म्हणणारे संदेश वाढतात, सोड म्हणणारे कमी पडतात. म्हणून पाऊल नडगीकडे ओढून पोटरीला ताण दिला की तो तिथल्या तिथे सुटतो. आमची आजी हेच करायची, अंगठा धरून पाऊल वर ओढायची.

चमक निराळी. चमक म्हणजे विजेसारखी, एका क्षणात, एका जागी. "पळता पळता मांडीच्या मागं चमकलं" असं कुणी म्हणालं की माझे कान टवकारतात. मांडीच्या मागचा स्नायू थोडासा फाटला असण्याची शक्यता त्या एका शब्दात असते. ठणका म्हणजे नाडीच्या ठोक्याबरोबर येणारं दुखणं, सूज आलेली असणार. उसण भरते ती पाठीत किंवा बरगडीत. कळ मात्र येते आणि जाते. पळताना बरगडीखाली जे टोचतं त्याला आमच्याकडे कळच म्हणतात. इंग्रजीत त्याला स्टिच म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ टोचणं, भोसकणं असा आहे. टाका हा अर्थ सुईमुळे नंतर आला. दोन्ही भाषांना तिथे टोकदार काहीतरी जाणवलं.

माझा सगळ्यात आवडता शब्द आंबणं. "पाय आंबलेत मॅडम." पहिल्यांदा घाट चढून-उतरून आलेल्या माणसाचे पाय दुसऱ्या दिवशी आंबतात आणि तिसऱ्या दिवशी जिन्यावरून उतरवत नाहीत. जर्मन लोक याच दुखण्याला मुस्केलकाटर म्हणतात, शब्दशः स्नायूंतला बोका. आम्ही दह्याचा शब्द वापरतो. आणि नेमकं असं की विज्ञानानंही कित्येक वर्षं दह्याचाच शब्द वापरला. १७८०मध्ये शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानं आंबलेल्या दुधातून एक आम्ल वेगळं काढलं, म्हणून ते लॅक्टिक, म्हणजे दुधाचं. पुढे दमलेल्या स्नायूतही तेच सापडलं आणि पाय दुखतात ते त्याच्यामुळे, असं जगभरच्या प्रशिक्षकांनी पोरांना सांगितलं. आजही जिममध्ये सांगतात. ते खरं नाही. पळून थांबल्यावर तासाभरात ते आम्ल रक्तातून जवळजवळ निघून गेलेलं असतं, आणि पाय दुखतात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. दुखण्याचं कारण स्नायूच्या धाग्यांना झालेली बारीक इजा आणि तिची दुरुस्ती. उतारावर ती जास्त होते, कारण उतरताना स्नायू लांब होत होत भार झेलतो. म्हणून यवतेश्वरचा घाट चढताना दम काढतो आणि उतरताना पाय आंबवतो.

तरी मी पेशंटला "आंबणं चूक आहे" असं कधी म्हणत नाही. त्या शब्दात वेळ आहे. विरजण लावलं की दही लगेच होत नाही, रात्र जावी लागते. दुखणं उशिरा येतं हे त्या शब्दाला पक्कं कळलेलं आहे, कारण कोणतंही असो.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती. पळणं आणि धावणं.

ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून आमच्या जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत पुढे सोलापूर जिल्ह्यात जाते. मध्ये चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. त्या टप्प्यात आम्ही काही जणी दरवर्षी पाय चोळायला जातो. तंबू, सतरंज्या, तेल, पट्ट्या, मिठाचं कोमट पाणी. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर अंतर आहे, आणि सत्तरीच्या बाया ते साध्या चपलांवर चालतात. त्यांच्या पायांबद्दल मला जे कळलं ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हतं.

एका वर्षी मराठवाड्यातल्या एक आजी माझ्यासमोर पाय सोडून बसल्या होत्या. टाचेला मोठा फोड. मी विचारलं, "आजी, वेळापूरच्या अलीकडं सगळे पळतात ना, तुम्हीपण पळता का?" वारीत तो प्रसंग आहे. तिथल्या उंचवट्यावरून तुकाराम महाराजांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. म्हणून तिथे दिंड्या धावतात. त्याला नावच धावा.

आजी म्हणाल्या, "पळू कशाला गं माय? चोरी केलीय का म्या? धावते."

मी पट्टी बांधत होते. हात थांबला.

घरी येऊन कोश काढले. पळणं आलं संस्कृतातल्या पलाय् वरून. परा म्हणजे दूर आणि अय् म्हणजे जाणं, त्यात र चा ल झाला. पलायन त्याचंच. म्हणजे पळण्याच्या पोटात दूर जाणं, निसटणं आहे. मराठीत त्या कुळातले आणि त्या अर्थाचे शब्द मोजायला बसलात तर दमाल: पळ काढणं, पळपुटा, धूम ठोकणं, पसार होणं, सूंबाल्या करणं, काढता पाय घेणं, पळता भुई थोडी होणं. पोबारा तर सोंगट्यांच्या पटावरून आला, पो आणि बारा हे फाशांचं दान. ज्या मुलखात गनिमी काव्यानं लढाया झाल्या त्या मुलखात निसटण्याला इतके शब्द असणं मला योग्यच वाटतं. वेळेवर निसटणं ही कला होती.

धावणं आलं धाव् वरून. आणि धावण्याच्या आजूबाजूला मराठीत बघा काय आहे. धावून येणं म्हणजे मदतीला येणं. हाकेला धावणं. देवाचा धावा करणं म्हणजे त्याला ये म्हणून हाक मारणं. वेळापूरच्या धाव्यात दोन्ही अर्थ एकाच वेळी उभे असतात, माणसं धावतही असतात आणि विठ्ठलाचा धावाही करत असतात. आजींना व्याकरण येत नव्हतं असं मी कसं म्हणू? त्यांना ते माझ्यापेक्षा नेमकं येत होतं.

संस्कृत धातुपाठात याची नोंद अशी आहे: "धावु गतिशुद्ध्योः". धाव् म्हणजे वेगानं जाणं आणि धाव् म्हणजे स्वच्छ करणंसुद्धा. दंतधावन त्यातूनच आलं. पहाटे घाटातून उतरून आल्यावर डोकं कसं धुतल्यासारखं होतं, हे पळणाऱ्या कुणालाही माहीत आहे. त्या दोन अर्थांचा एकमेकांशी व्याकरणात काय संबंध ते पंडितांनी बघावं. माझ्यापुरता तो रोजचा आहे.

पण इथे मला प्रामाणिक राहायला हवं. आमच्या भरतीच्या पोरांपैकी एकही पोरगा "धावतो" म्हणत नाही. "रोज पळतो मॅडम", "पळायला जातो", "लय भारी पळतोय तो". धावणं त्यांच्यासाठी पेपरातलं आहे, धावपटू, धावपट्टी. मी स्वतःही पळतेच म्हणते, वर बघा. बोलीनं पळण्यातलं भय कधीच काढून टाकलं आहे आणि निव्वळ पाय उचलणं ठेवलं आहे. आजींनी ते परत जागं केलं, एवढंच. त्या पोरांकडे बघितलं की मात्र वाटतं, दोन्ही शब्द त्यांना लागू आहेत. दोन एकर कोरडवाहू रानापासून ती पळत असतात आणि खाकी वर्दीकडे धावत असतात. कोणत्या फेरीत कोणता शब्द चालू असतो ते त्यांनाच माहीत.

त्यांची स्वतःची एक भाषा आहे आणि ती अजून कुणी नीट लिहून ठेवलेली नाही, याची मला हळहळ वाटते. ते अंतराला मीटर लावत नाहीत. "सोळाशे", "आठशे", "शंभर". आठशे म्हणजे मुलींचं अंतर. "सोळाशे किती लागली?" असं विचारतात. सोळाशे लागते, वेळ लागतो तशी. सैन्यात जायचं असेल तर "बीम मारतात", म्हणजे आडव्या दांडीला लटकून हनुवटी वर नेतात. "ग्राउंड निघालं" म्हणजे शारीरिक चाचणीत पास झाला. "ग्राउंड गेलं" म्हणजे एक वर्ष गेलं. माझ्या त्या खटावच्या पोराचं ग्राउंड गेलं होतं, पूर्ण एका पळाच्याही आत. जुन्या मोजणीत पळ म्हणजे २४ सेकंद, घटकेचा साठावा भाग. त्या पळाचा पळण्याशी मुळात काही संबंध नाही, तो संस्कृत पल. तरी भरतीच्या मैदानावर ते दोन शब्द रोज एकमेकांना भेटतात.

शर्यत हाही बघण्यासारखा शब्द आहे. अरबीतला शर्त, म्हणजे अट, पैज. तो मराठीत आला आणि त्याची तीन घरं झाली. शर्त राहिली अटीच्या अर्थानं. शर्यत झाली बैलांची, घोड्यांची, माणसांची. आणि शर्थ झाली जिवाच्या करारावर केलेल्या प्रयत्नाची. "शर्थ केली त्यानं" म्हणतो तेव्हा तो जिंकला की हरला हे त्यात नसतं, आणि मला तो शब्द त्यासाठी फार मोलाचा वाटतो. दम फारसीतला, मूळ अर्थ श्वास. दम लागतो, दम धरतो, दम देतो, दम निघतो. दमसास म्हणजे तर श्वासच दोनदा, एक फारसी आणि एक संस्कृत श्वासावरून आलेला. गवई आणि पैलवान दोघंही तो वापरतात. स्टॅमिना म्हणण्याआधी आपल्याकडे दमसास होता.

बाहेरून आलेल्या शब्दांशी माझं भांडण नाही. उलट त्यांच्या गावाला जाऊन बघावंसं वाटतं.

मॅरेथॉन या गावाचं नाव ग्रीकमधल्या बडीशेपेवरून पडलं. बडीशेपेचं रान. इ.स.पू. ४९०मध्ये तिथे लढाई झाली. हेरोडोटसनं लिहिलेला धावणारा निरोप्या अथेन्सहून स्पार्टाला गेला होता, मदत मागायला, म्हणजे आपल्या अर्थानं धावा करायला. विजयाची बातमी सांगून कोसळून मेलेल्या माणसाची गोष्ट कित्येक शतकांनंतरच्या लेखकांची. १८९६च्या अथेन्स ऑलिम्पिकसाठी मिशेल ब्रेआल या फ्रेंच माणसानं ही शर्यत सुचवली, आणि मला अतिशय आनंद होतो सांगायला की तो व्यवसायानं भाषाशास्त्रज्ञ होता. शब्दांच्या अर्थांचा अभ्यास करणाऱ्या माणसानं ही शर्यत जगाला दिली. जिंकला स्पिरिडोन लुईस, पाणी वाहून नेणारा. तेव्हा अंतर साधारण ४० किलोमीटर होतं. ४२.१९५ हा आकडा १९०८च्या लंडन ऑलिम्पिकमधला आणि तो कायमचा ठरला १९२१मध्ये. मधल्या काळात, १९२०च्या अँटवर्प ऑलिम्पिकला, बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना हे नाव माहीत नव्हतं. मी दर रविवारी एकाला तरी सांगते.

मराठीत मॅरेथॉनचा अर्थ आता दोन अंगांनी पसरला आहे. पेपरात मंत्रिमंडळाची "मॅरेथॉन बैठक" होते. आणि गावात टी-शर्ट घालून सगळे पळाले की ती मॅरेथॉन, मग अंतर तीन किलोमीटर का असेना. मी आधी दुरुस्त करायची. आता फक्त एकाच वेळी करते, कुणी "मी चार मॅरेथॉन केल्यात, आता मोठी करतो" म्हणत थेट ४२ला नाव घालतो तेव्हा. तेव्हा विचारते, किती किलोमीटरच्या चार? एकदा उत्तर आलं, पाच-पाचच्या. शब्दामुळे घोटा जातो, गुडघा जातो, म्हणून विचारावं लागतं.

फार्टलेक स्वीडिश आहे. फार्ट म्हणजे वेग, लेक म्हणजे खेळ. गोस्टा होल्मर यांनी १९३०च्या दशकात ही पद्धत आणली. फिनलंडचे धावपटू त्यांना सतत हरवत होते. जंगलातल्या वाटेवर मनाला येईल तसा वेग वाढवायचा, कमी करायचा. आमची पोरं तेच करतात विजेच्या खांबांवर. एक खांब जोरात, एक खांब हळू. त्याला ती "खांब-खांब" म्हणतात. मी त्यांना फार्टलेक हा शब्द सांगितला तेव्हा एक जण म्हणाला, "म्हणजे खांब-खांबच की." बरोबर आहे. तेवढंच.

सशाचं मात्र सांगायला हवं. मोठ्या शर्यतीत ठरलेल्या वेगानं पुढे पळून नंतर बाजूला होणाऱ्याला इंग्रजीत रॅबिट म्हणतात. शिकारी कुत्र्यांच्या शर्यतीत पुढे नकली ससा फिरवतात, त्यावरून. मराठी पोरांना हे समजावताना अडचण येते, कारण आपल्याकडे शर्यतीतला ससा झोपतो. मग मी पॉल पिल्किंग्टनची गोष्ट सांगते. १९९४च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉनमध्ये त्याला ससा म्हणून घेतलं होतं. ठरल्या जागी तो थांबलाच नाही. मागच्यांना वाटलं, होईल हा बाजूला. तो जिंकला. ही गोष्ट ऐकताना पोरांचे डोळे बघावेत.

आणि स्टीपलचेस. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच मनोरा. आयर्लंडमध्ये १७५२ला दोघा घोडेस्वारांनी एका गावच्या चर्चपासून दुसऱ्या गावच्या चर्चपर्यंत पैज लावली, बटेव्हंट ते डोनेरेल, असं सांगतात. मनोरा लांबून दिसतो, त्याच्या रोखानं सरळ जायचं, मध्ये येईल ते कुंपण, ओढा ओलांडायचा. म्हणून आजही मैदानावरच्या ३००० मीटरमध्ये २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी असते. मनोरा गेला, ओढा राहिला. कळस बघून धावत सुटण्याची गोष्ट आपल्याला काही नवी नाही, वर सांगितलीच.

या शर्यतीत आमच्या जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ला रिओच्या अंतिम फेरीत पोचली. प्राथमिक फेरीत तिनं ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत ती दहावी आली. १९८४च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीत गेलेली ती पहिली भारतीय बाई. टँकरची वाट बघणाऱ्या माणदेशातल्या मुलीनं पाण्यावरून उड्या मारत ते केलं. पेपरांनी तिला "माणदेशी एक्स्प्रेस" म्हटलं, जसं नाशिकच्या कविता राऊतला "सावरपाडा एक्स्प्रेस" म्हटलं. उषा "पय्योली एक्स्प्रेस" होती, तिथून ही गाडी सुरू झाली. मला या नावांत गावाचं नाव येतं ते फार आवडतं. मोही किंवा सावरपाड्याला एक्स्प्रेस थांबत नाही, रूळही नाहीत. मराठवाड्याकडे बीडच्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळेही याच शर्यतीचा. २०२२ला बर्मिंगहॅमला राष्ट्रकुलचं रौप्य, पुढच्या वर्षी हांगझोला आशियाई सुवर्ण. कोरड्या मुलखाचा आणि या शर्यतीचा काय ऋणानुबंध आहे कोण जाणे.

आमच्या सकाळच्या ग्रुपमध्ये मी हळूहळू काही शब्द रुजवले आहेत. पाण्याच्या टेबलाला आम्ही "विसावा" म्हणतो. पालखीच्या वाटेवर मुक्काम वेगळा आणि विसावा वेगळा, विसावा म्हणजे थोडंसं टेकणं आणि पुढे निघणं. एड स्टेशनला यापेक्षा अचूक शब्द मला कुठल्याच भाषेत दिसला नाही. दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स नावाची साधारण ९० किलोमीटरची शर्यत असते, पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या आठवणीसाठी १९२१ला सुरू झालेली. तिथे एका वेगानं, एका म्होरक्यामागे गात गात जाणाऱ्या घोळक्याला "बस" म्हणतात आणि म्होरक्याला ड्रायव्हर. आम्ही त्याला "दिंडी" म्हणतो. अडीच तासांची दिंडी, पावणेतीनची दिंडी. पुढे झेंडा असतोच.

तीस-बत्तीस किलोमीटरनंतर अंगातली साखर संपते आणि माणूस जागच्या जागी विझतो, त्याला इंग्रजीत भिंत लागली म्हणतात. युरोपातले सायकलवाले म्हणतात, हातोडावाला माणूस भेटला. आमच्याकडे अवसान गळतं. साठवलेली साखर स्नायूंत आणि यकृतात मिळून चारेकशे-पाचशे ग्रॅम असते, ती सरली की मेंदू पायांना आवरतं घ्यायला लावतो. मग कुणीतरी खिशातून जेल काढतं, गूळ-शेंगदाणा काढतं. त्यानं जे येतं त्याला आमचा एक शिक्षक मित्र "उसनं अवसान" म्हणतो. शब्द जुनाच आहे, जागा नवी मिळाली.

एका गोष्टीला मात्र वहीत अनेक वर्षं शब्द नव्हता. सुरुवातीची धाप, जडपणा, नको वाटणं, आणि मग कधीतरी सगळं सुटं होतं, श्वास आणि पाय एका मापात येतात. इंग्रजीत त्याला सेकंड विंड म्हणतात, दुसरा वारा, वारा म्हणजे श्वासच. मी पोरांना विचारलं, ती म्हणाली "रिदम". शिक्षकाला विचारलं, तो म्हणाला "लय". दोन्ही ठीक, पण दोन्ही आधी इतरांच्या कामाचे.

मग त्याच आजी आठवल्या. पट्टी बांधून झाल्यावर मी म्हणाले होते, आजी, एक दिवस ट्रकमध्ये बसा, फोड वाळू दे. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पाऊल जमिनीवर टेकवून बघितलं आणि म्हणाल्या, "पहिले दोन-तीन दिस पाय रडतात. मग वाटेला लागतात." आणि चपला हातात घेऊन दिंडीत गेल्या.

वाटेला लागणं. मी ते त्या पानावर लिहिलं.

खटावचा पोरगा आता आठवड्यातून दोनदा येतो. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करायच्या, आधी दोन पायांवर, मग एका. पंधराचे तीन सेट. पोटरी अजून उजवीपेक्षा बारीक आहे, पण गोळा आलेला नाही. पुढचं ग्राउंड कधी लागतंय ते अजून जाहीर नाही. काल त्यानं मेसेज टाकला, घरामागच्या रानात लोखंडी गोळा फेकतोय त्याचा व्हिडिओ, मागे म्हैस, आणि खाली लिहिलं होतं: "सोळाशे पण पळलो. तिसऱ्या राउंडला पाय वाटेला लागले मॅडम." मी त्याला हा शब्द कधी सांगितल्याचं मला आठवत नाही. विचारलं, कुठून आणलास? म्हणाला, आमच्यात असंच म्हणतात की.

वहीत आजींच्या वाक्याखाली खटाव असं लिहून ठेवलं आहे.